मित्सुएवहिनींचं लाल सुपडं

२४ जानेवारी

वहिनी,

पत्राची सुरुवात हवामानाने करायची आपली रीत. एरवी मी तिथे दोन ठरलेली वाक्यं खरडून मोकळा होतो. यंदा हवामान सोडून दुसरं लिहायलाच काही नाही. परवा एका दिवसात अडीच फूट बर्फ पडला. कोपऱ्यावरची टपालपेटी गळ्यापर्यंत बुडाली आहे, हे पत्र टाकायला आधी तिचं तोंड उकरावं लागेल. साठ वर्षांत असा हिवाळा पाहिला नाही, असं म्हणणारे रोज दोन जण तरी भेटतात. मीही त्यांतलाच एक.

तुमचं घर सुखरूप आहे. तुम्ही मासातोबरोबर गेलात त्याला आज सहा दिवस झाले, तेवढ्यात छपरावरून दोनदा बर्फ उतरवला. नळांतलं पाणी सोडून दिलंय, नाहीतर नळ फुटले असते. पडवीतल्या पिंपातले धुरी देऊन मुरत घातलेले मुळे तामिकोने वरखाली केले. एक खाल्ला, खोटं कशाला बोलू. एइकिचीचा फोटो तुम्ही नेला नाहीत. त्याच्यापुढे, तो गेल्यापासून तुम्ही ठेवायचात तसा, तामिको रोज चहा ठेवते. नवऱ्यासाठी करते त्यापेक्षा चांगला करते, मी वास घेऊन पाहिला.

त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका. बर्फ वाहून नेणारा पाट तुंबला, ओनोदेराच्या दुकानात पाणी शिरलं, हे खरं. पण तुम्ही काय मुद्दाम केलंत? वय झालं की होतं असं. त्याचं तोफूचं दुकान पुन्हा सुरू झालंय. गल्लीत तुमच्याबद्दल कोणी वावगं बोलत नाही, आणि मी पाटकरी असेपर्यंत बोलू देणार नाही.

तिकडे मासातोकडे, सैतामाला, बर्फ नसतो म्हणे. सुख आहे. सुनेला आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा,
तोकुजी


६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. तुमचं अक्षर नेहमीसारखंच सरळ, ओळी आखल्यासारख्या. पण मजकूर नेहमीसारखा नाही.

तुम्ही लिहिता, मासातो तुम्हाला विसरभोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. शंभरातून सात, पुन्हा सात वजा करायला लावले, ते जमले. आजची तारीख सांगितलीत, तीही बरोबर. ‘डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. पण डॉक्टरांना आपला पाट माहीत नाही.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. आणि ती वही. दहा वाजून दहा, चहा प्यायले. दहा वीस, कप धुतला. एवढं सगळं टिपून ठेवता? ‘मी काय केलं आणि काय नाही, याचा माझा मलाच भरवसा उरला नाही, म्हणून लिहिते.’ वहिनी, गल्लीतल्या प्रत्येकाच्या घरातल्या माणसांचे वाढदिवस तुम्हाला पाठ. माझ्या मुलीचा मला आठवत नाही, तुम्हाला आठवतो.

आणि सगळ्यात खाली, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, मासातो एप्रिलमध्ये इथलं घर पाडून घेणार आहे. छपरावर दर वर्षी चढणार कोण, पाटात बर्फ टाकायची पाळी कोण सांभाळणार, आणि पुन्हा काही भलतं झालं तर? तुम्ही हो म्हणालात. हो काय म्हणालात? एइकिचीने त्या घराच्या तुळया स्वतः निवडल्या होत्या. मी होतो बरोबर डोंगरात.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, ती सांगतो. त्या दिवशी पाटाच्या झाकणापाशी बर्फ उचलायचं तुमचं लाल सुपडं सापडलं, त्यावरून सगळे म्हणाले की तुम्हीच बर्फ ढकलला. ते सुपडं तिथे मी ठेवलं होतं. माझ्या सुपड्याची दांडी मोडली, म्हणून सकाळच्या पाळीत तुमच्या पडवीतून ते घेतलं, वापरलं, आणि परत ठेवायचं विसरलो. म्हणजे सुपडं तिथे होतं यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी हे तेव्हाच बोलायला हवं होतं, पण त्या गडबडीत राहून गेलं. एवढंच.

तुम्ही मासातोला हे दाखवा. घर पाडायची घाई करू नका म्हणावं.

बर्फ चालूच आहे. काल रस्त्यावर खांद्याएवढ्या भिंती होत्या, आज डोक्याच्या वर गेल्या.

तोकुजी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

मागच्या पत्रात मी ‘एवढंच’ असं लिहिलं होतं. ते खोटं आहे.

ते पत्र टाकून आलो तर तामिको चुलीपाशी बसली होती. म्हणाली, “काय लिहिलंत?” मी सांगितलं, सुपड्याचं लिहिलं. “आणि बाकीचं?” मी म्हटलं, बाकीचं काय? ती उठली, किटली खाली ठेवली आणि म्हणाली, “अहो, त्या दिवशी माझ्या डोळ्याला पट्टी होती. कानाला नव्हती.”

महिनाभर ती वाट बघत होती, वहिनी. मी कधी तोंड उघडतोय याची. रोज माझ्यापुढे भात वाढत होती आणि वाट बघत होती.

तर ऐका. ८ जानेवारी. तामिकोच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते, बारा वाजता टॅक्सी येणार होती, दवाखान्यात पट्टी काढायला. साडेअकराला आमच्या छपरावरचा सगळा बर्फ एकदम घसरला आणि दारापुढे येऊन पडला. फाटक गडप. बाजूला टाकावा तर जागा कुठे होती? दोन्हीकडे भिंती. आपल्या वरच्या गल्लीची पाळी सकाळी सहा ते साडेसात आणि दुपारी तीन ते साडेचार, हे मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही कधी पाच मिनिटंही चुकवली नाहीत. साडेअकराला पाणी खालच्या बाजूला वळवलेलं असतं. आपल्या पाटात तेव्हा घोट्याएवढं पाणी. त्यात बर्फ टाकला तर वाहत नाही, बसतो. हे मला माहीत नव्हतं? गेली अकरा वर्षं दर नोव्हेंबरात मीच सभेत उभा राहून सांगतो. पाळीबाहेर एक सुपडं म्हणजे एकही सुपडं नाही, असं ओरडतो. मागच्या वर्षी त्या नव्या भाडेकरूला मी सगळ्यांदेखत झापलं होतं, बिचाऱ्याने दोनच सुपडी टाकली होती.

मी झाकणं उघडायचा आकडा काढला आणि आपल्या दोन घरांमधलं पाटाचं ते सामाईक झाकण उचललं. सुपडं तुमचंच होतं, सकाळपासून माझ्याकडे होतं. म्हटलं चार-पाच सुपडी, माणूस जाण्यापुरती वाट. चाळीस तरी झाली असतील. शेवटी पाटात बर्फ हलेना, बांबूने ढोसलं, तरी हलेना. तेवढ्यात टॅक्सीचा भोंगा वाजला. झाकण तसंच अर्धं टाकलं, सुपडं तिथेच उभं केलं, तामिकोचा हात धरला आणि गेलो. वाटेत मनाशी म्हणत होतो, तीनच्या पाळीला पाणी आलं की सगळं आपोआप वाहून जाईल.

पाणी आलं, पण वाहून गेलं नाही. मागे फुगलं आणि ओनोदेराच्या दुकानात शिरलं. आम्ही परतलो तेव्हा निम्मी गल्ली तिथे जमली होती. भिजवलेल्या सोयाबीनच्या पाट्या पाण्यावर तरंगत होत्या, दळायचं यंत्र बंद पडलं होतं, त्याची बायको चटया उचलत होती. कोणीतरी म्हणालं, मधलं झाकण उघडं आहे, लाल सुपडं तिथेच आहे. लाल सुपडं म्हणजे मित्सुएआजी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाटकरी ना.

खरं बोलायला एक क्षण होता, वहिनी. मी खोकलो. आणि मग म्हणालो, “म्हातारं माणूस आहे. जाऊ द्या.”

मी तुमचं नाव घेतलं नाही. इतके दिवस याच आधारावर मी झोपत होतो, की मी नाव तर घेतलं नाही. लोक म्हणाले, तोकुजी केवढ्या मनाचा माणूस. एकाने तर पाठीवर थाप मारली. आणि तुम्ही ॲप्रनला हात पुसत बाहेर आलात, तुमच्याकडे सगळे बघताहेत हे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. तुम्ही म्हणालात, “मी केलं का?” मला विचारत होतात. मी मान खाली घातली. तुम्हाला ते उत्तर वाटलं.

तुमची बुद्धी शाबूत आहे. तुम्ही काहीही विसरला नाहीत, कारण विसरायला काही घडलंच नव्हतं. हे मासातोला वाचून दाखवा, त्या डॉक्टरांनाही दाखवा. मला लाज वाटते असं लिहिणार होतो, पण लाज वाटूनही मी महिनाभर तुमच्या छपरावर चढत होतो आणि खाली उतरून लोकांकडून शाबासकी घेत होतो. त्या लाजेचं काय करायचं ते मला कळत नाही.

रविवारी गल्लीची सभा आहे. तिथे बोलणार आहे. बोललो नाही तर तामिको बोलेल, असं तिने सांगून ठेवलंय.

तोकुजी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

बोललो. तामिकोला बोलायची वेळ आणली नाही.

सभागृहात नेहमीसारखा रॉकेलचा वास, मोजे वाळत घातलेले. एकोणीस जण होते. मी उभा राहिलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाटाची नवी वेळ सांगतोय. कोणीतरी पेन काढलं. मी सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच, चाळीस सुपड्यांसकट.

मग ओनोदेरा बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला. “काका, यंत्राचं जाऊ द्या, ते दुरुस्त झालं. पण मित्सुएआजी दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आल्या. हातात मिठाईचा डबा. बर्फात गुडघे टेकून बसल्या आणि तीनदा कपाळ टेकवून माफी मागितली. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, आजी, बास करा. तुम्ही त्यांच्या मागे उभे होतात, काका. त्यांच्या डोक्यावर छत्री धरून.”

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुम्हाला माहीतच आहे म्हणून नाही लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे तेवढं लिहायला हात धजला नाही. तुम्ही उठताना माझा हात धरलात आणि म्हणालात, “तुम्ही आहात म्हणून बरं, भाऊजी.” हेही सांगून टाकतो, आता लपवायचं काही ठेवायचं नाही.

आकडा मी टेबलावर ठेवला. अकरा वर्षं माझ्या फाटकाच्या खुंटीला असायचा, कोणाच्याही हाताला लागेल असा. त्यांनी तो ओनोदेराला दिला. आता मी माझ्या पाळीत इतरांसारखा झाकणापाशी उभा राहतो, ओनोदेरा येऊन झाकण उघडेपर्यंत. काल त्या भाडेकरूने पलीकडून हाक मारली, “काय पाटकरी, किती वाजले?” सगळे हसले. हसू देत. मला घड्याळ बघून उत्तर द्यावं लागलं, सहा वाजून चार मिनिटं.

मासातोला फोन केला. म्हटलं, दोष माझा होता, तुझी आई खणखणीत आहे, घर पाडू नकोस. तो म्हणाला, “काका, आईने माझ्याकडे आल्यापासून गॅस पेटवला नाही. मी पेटवू देत नव्हतो.” आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही.

तुम्ही मला माफ करा असं मी लिहिणार नाही. मागायला तोंड नाही. एवढंच करा, ती वही लिहायची थांबवा. कप धुतला की नाही हे लिहून ठेवायची गरज तुम्हाला नाही, आम्हाला कोणालाच तुमच्याइतकं आठवत नाही. तामिको विचारते, पिंपातले मुळे मार्चपर्यंत टिकतील की काढून ठेवू?

तोकुजी


३ मार्च

वहिनी,

तुमचं पाकीट काल आलं. पत्र नाही, नुसती वही. मी आधी घाबरलो. मग तामिकोला बाजूला बसवलं आणि उघडली.

सगळी पानं वाचली. रागावू नका, पाठवली म्हणजे वाचायचीच ना. अठरा जानेवारीपासून रोज. चहा, कप, दाराची कडी तीनदा तपासली. एका ठिकाणी, ‘पाच पंचवीस, खिडकीतून पाहिलं. बर्फ नाही. कुठे ढकलायचा प्रश्न नाही.’ तामिको तिथे रडली. मग वीस फेब्रुवारीचं पान. त्यातल्या ओळी मी इथे उतरवतो, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुम्हाला कळेल.

‘अकरा चाळीस. तोकुजीचं सभेनंतरचं पत्रही आलं. बारा पाच. कबुलीचं आणि हे, दोन्ही पुन्हा वाचली. ८ जानेवारीला साडेअकराला मी स्वयंपाकघरात मुळे चिरत होते. हे मला तेव्हाही आठवत होतं. झाकण उचलल्याचा आवाजही मी ऐकला होता. आवाज तोकुजीच्या हाताचा होता, तो आधी एकदा ठोकतो आणि मग उचलतो. तोकुजी उघडतोय म्हणजे पाळीचीच वेळ असणार, असं वाटलं. घड्याळ साडेअकरा दाखवत होतं. मला वाटलं, घड्याळ बिघडलं.’

वहिनी, मी हे वाचून उठून बाहेर गेलो. तामिकोने हाक मारली नाही. घड्याळ बरोबर होतं. तुम्ही घड्याळ खोटं ठरवलंत, मग स्वतःला खोटं ठरवलंत, पण मला नाही.

त्याखाली, ‘मासातोला सांगितलं, घर पाडायचं नाही. पंचवीस मार्चला घरी जाते. आज गॅस मी पेटवला.’ पुढची सगळी पानं कोरी. आणि शेवटच्या पानावर, माझ्यासाठी:

‘माझ्या छपरावर पुन्हा चढू नका. मी माणूस लावीन. माझं सुपडं जिथून नेलंत तिथे ठेवा. मुळे राहू देत, मी येऊन बघेन. ही वही आता मला नको. तुम्हाला लागेल.’

मी छपरावर चढणार नाही. कालही दीड फूट पडला, तुमची वळचण वाकलेली इथून दिसते. हात शिवशिवतात, पण चढणार नाही. तुम्ही लावलेला माणूस कधी येतोय ते फक्त तामिकोला कळवा, ती त्याला चहा देईल. तुम्ही आल्यावर मी स्टेशनवर येणार नाही. समोर आलात तर वाकेन, तुम्ही बघितलं नाहीत तरी चालेल.

सुपडं मी धुतलं, दांडीला तेल लावलं. ओनोदेराला बोलावून त्याच्यासमोर तुमच्या पडवीतल्या खिळ्याला लावलं. त्याने विचारलं, “साक्षीदार कशाला, काका?” मी म्हटलं, राहू दे, तू नुसता बघ.

आणि घरी येऊन तुम्ही दिलेली वही उघडली. पहिली ओळ लिहिली ती अशी:

३ मार्च. सात दहा. मित्सुएवहिनींचं सुपडं खिळ्याला लावलं. पाळीची वेळ होती. घड्याळ बघून लिहितोय.